चार भोकांची फळी

फळीला चार भोकं होती आणि घुमरे घराण्याचा त्या चारांपैकी एकाही भोकावर विश्वास नव्हता.

सुंदररावांच्या गोठ्यातल्या दोन लाकडी गव्हाणी समोरासमोर ओढून सुग्रीवनं त्यांच्यावर ती फळी आडवी टाकली होती. गोठा मोकळाच होता. तलवाड्याची जनावरं माघातच छावणीवर गेली होती, आणि आता चैत्रात त्यांच्या खुंट्यांना घरची माणसं टेकून बसली होती. थोरल्या बैलाच्या खुंट्याला सुंदरराव. बरोबर समोर, जिथं पूर्वी मारकी म्हैस बांधायचे तिथं, धाकटे विठ्ठलराव. मधल्या भावाचा, म्हणजे बद्रीनाथांचा खुंटा, ते वारले तेव्हापासून, चार वर्षं रिकामा होता. त्यांची बायको सत्यभामा दारालगत बसली होती, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढून, मोठ्या जावेच्या आडोशाला. दाराजवळ बसण्याचे दोन फायदे होते. वारा लागायचा, आणि कोण कुणाकडे बघतंय ते दिसायचं.

फळीवर नकाशा चिकटवलेला होता. नकाशावर चार गावं: तलवाडा सुंदररावांचं, पांढरवाडी विठ्ठलरावांची, काठेवाडी पंचाक्षरी आप्पांची आणि खडकी सत्यभामेची. गाव तिथं भोक. प्रत्येक भोकातून एक सुतळी खाली सोडलेली, आणि वरच्या बाजूला चारी सुतळ्यांची मिळून एकच गाठ.

"आता असं हाय," सुग्रीव म्हणाला. औरंगाबादेच्या इंजिनीयरिंग कॉलेजात तीन वर्षं काढूनही त्याची बोली पुसली नव्हती. फक्त हात जास्त हलायला लागले होते. "चांगल्या साली ज्या गावाच्या जितक्या गाड्या कापूस, तितकं वजन त्या गावाच्या सुतळीला बांधायचं. शंभर गाड्यांला एक किलो. चारी वजनं सोडली की गाठ आपसुक सरकती. ती जिथं थांबंल तिथं कापसाचं जिन टाकलं, तर समद्या गाड्यांचं मिळून चालणं सगळ्यांत कमी होतंय."

"अन् गाठीला हे कसं कळतंय?" छबुबाईंनी विचारलं. त्या सुंदररावांच्या बायको. घरातल्या प्रत्येक नव्या वस्तूला त्या हाच प्रश्न विचारत. रेडिओलाही विचारला होता.

"तिला काय बी कळत न्हाई, मोठीमाय. म्हून तर ती बरोबर जागी थांबती."

यावर सगळे थोडे गंभीर झाले. काहीच न कळणारं असं घरात आजवर कुणी नव्हतं.

सहकारी जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याची, जागा ठरवायला बसायची ही सातवी खेप. आधीच्या सहा बैठकांत जागा ठरली नव्हती, पण एक कंदील, दोन तांबे आणि पंचाक्षरी आप्पांचा चष्मा एवढं फुटलं होतं. उद्या सकाळी जागा बघायला जिल्ह्याची समिती येणार होती आणि जागाच नव्हती. समितीची तारीख कळली तेव्हाच सुग्रीवनं पत्र पाठवून ही फळीची युक्ती सुचवली होती, आणि आश्चर्य म्हणजे एकोणीस वर्षं एकमेकांविरुद्ध बीडच्या कोर्टात तारखा करणाऱ्या दोन्ही भावांनी ती एका दिवसात मान्य केली. दोघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली: गाठ थांबेल ती जागा, मग ती कुणाचीही असो.

त्याचं कारण साधं होतं. सुग्रीव आपला माणूस आहे, असं दोघांनाही वाटत होतं. सुंदररावांना, कारण त्यांनी त्याला कॉलेजात घातला होता. विठ्ठलरावांना, कारण त्यांनी त्याला मॅट्रिकला सायकल दिली होती. सत्यभामेचा दावा खरं तर सगळ्यांत जुना होता, तिनं त्याला जन्म दिला होता. पण आठ दिवसांपूर्वी तो घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडू लागताच विहिरीत दोरीला दगड बांधून सोडताना तिनं त्याला पाहिलं. "काय करतूयास?" विचारलं, तर म्हणाला, "काय न्हाई, सहज." घुमऱ्यांच्या घरात सहज कुणी काही करत नसे. तिनं तेव्हापासून त्याच्यावरही नजर ठेवली होती.

ती विहीर म्हणजे खडकीचा जीव होता. तिच्या चौदा एकरांच्या मधोमध ती होती, आणि आजूबाजूच्या तीन गावांतल्या विहिरींनी तळ दाखवला तरी तिच्यात पाणी होतं. ऐंशी घरं तिच्यावर प्यायची. सकाळी निघताना खडकीची माणसं बैलगाडीपर्यंत आली होती आणि त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "वैनी, कापूस कुठं बी जाऊ द्या, आमचं काय म्हणणं न्हाई. इहीर तेवढी जाऊ देऊ नका."

वजनं पंचाक्षरी आप्पांनी आणली होती. तलवाड्याच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान. त्यांनी पोतंभर वजनं गोठ्यात ओतली आणि कपाळावरचं भस्म घामानं खाली येत होतं ते उपरण्यानं टिपलं.

"आप्पा, वजनं खरी हायत न्हवं?" विठ्ठलरावांनी एक उचलून कानाशी हलवून बघितलं.

"दुकानात खरीच असतेत."

"मग दुकानात माल कावून कमी भरतूया?"

"माल हलका असतूया, इठ्ठलराव. त्याला वजन काय करंल?"

विठ्ठलरावांनी वजन पुन्हा ढिगात टाकलं आणि चिठ्ठ्या काढण्यात आल्या. प्रत्येकानं आपल्या गावाच्या गाड्यांचा आकडा घरूनच घडी घालून आणला होता, कारण समोरच्याचा ऐकल्यावर आपला बदलायचा मोह होतो. सुग्रीवनं वाचलं: तलवाडा आठशे, काठेवाडी आठशे, खडकी तीनशे. चौथी चिठ्ठी त्यानं उघडून दोनदा वाचली.

"पांढरवाडी चार हजार."

"काय चार हजार?" सुंदरराव म्हणाले.

"गाड्या."

"पांढरवाडीत चार हजार मुंग्या न्हाईत बे! काय मोजलास तू, बोंडं?"

"बांधून तर बघा," विठ्ठलराव शांतपणे म्हणाले. "गणितापुढं भांडू नये मानसानं."

वीस किलोची दोन वजनं पांढरवाडीच्या सुतळीला लागली. सुग्रीवनं "सोडा" म्हणताच गाठ नकाशावरून सरळ धावली, रस्ते, ओढे, दोन महादेवाची देवळं ओलांडून पांढरवाडीच्या भोकाशी गेली आणि आत पडली. सुतळ्या सैल झाल्या. थोडा वेळ सगळे त्या भोकात बघत राहिले.

"गेली कुठं?" छबुबाई.

"एकाचं वजन बाकी तिघांच्या बेरजेहून जास्त झालं की गाठ त्याच्याच दारात जाती," सुग्रीव म्हणाला. "मग तिथून हलतच न्हाई."

"बघा! गाठीला बी पटलं," विठ्ठलराव म्हणाले.

पुढचा पाऊण तास पांढरवाडीचा कापूस कमी करण्यात गेला. सुंदररावांनी पांढरवाडीतल्या प्रत्येक शेताचं नाव घेऊन त्यात काय पिकतं ते सांगितलं. बहुतेकांत त्यांच्या मते हरळी पिकत होती. चार हजाराचे दोन हजार झाले, मग बाराशे. पंचाक्षरी आप्पांनी दुकान उघडायची वेळ झाली असं तीनदा सांगितल्यावर सहाशेवर तोड निघाली, आणि सहाशे ऐकून सगळ्यांनाच बरं वाटलं. कारण सहाशे हा आकडा ओळखीचा होता.

घुमऱ्यांचं खोटं बोलणं शिस्तीचं होतं. निजामाच्या काळात थोरल्या आजोबांनी नियम घालून दिला होता, सरकारनं पीक विचारलं तर निम्मं सांगायचं, सोयरिकीत विचारलं तर दुप्पट. पुढं सहकार आला तेव्हा घरात विचार झाला की हा सरकारात धरायचा की सोयरिकीत. सोयरिकीत धरला. त्यामुळे तलवाड्याच्या आठशे गाड्या म्हणजे खऱ्या चारशे, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पांढरवाडीच्या सहाशे म्हणजे तीनशे. पंचाक्षरी आप्पा घुमऱ्यांचे नव्हते, पण तीन पिढ्या घुमऱ्यांशी व्यवहार करून तेही शिकले होते. त्यांच्या आठशेच्याही चारशेच होत्या. नुसता थाप मारणारा माणूस या घरात टिकला नसता. इथं बरोबर दुप्पट सांगावं लागे, म्हणजे ऐकणाऱ्याला निम्मं करता येई.

आता आठ, सहा, आठ आणि तीन किलो लागले. सुग्रीवनं भोकांच्या कडांना एरंडेल चोपडलं, वजनं सोडली. गाठ या वेळी सावकाश निघाली. इकडं-तिकडं बघितल्यासारखी डुलली आणि थांबली. सुग्रीवनं फळीला बोटानं एक टिचकी मारली. ती आणखी जरा सरकली.

"टिचकी कावून मारली?" दोन्ही भाऊ एकदम ओरडले.

"सुतळी भोकाला घासती, आबा. टिचकीनं मोकळी होती," सुग्रीव सुंदररावांना म्हणाला.

"तुझ्या टिचकीनं चार शेतं वलांडली तिनं!"

मग आप्पांनी टिचकी मारून पाहिली. नंतर विठ्ठलरावांनी. शेवटी छबुबाईंना बोलावण्यात आलं. त्यांची टिचकी निःपक्षपाती मानली गेली, कारण त्या सगळ्यांवर सारख्याच नाराज होत्या. चारही वेळा गाठ त्याच जागी येऊन बसली. सुंदररावांनी चष्मा लावून नकाशावर वाकून पाहिलं, आणि वाकलेलेच राहिले.

"कुठं हाय?" विठ्ठलरावांनी विचारलं. त्यांना दिसत होतं, पण थोरल्या भावाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बागंत," सुंदरराव म्हणाले.

बाग म्हणजे चारशे मोसंबी. अख्खा तालुका वाळून गेला होता आणि ती बाग हिरवीगार होती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांसाठी येणारा सरकारी टँकर रोज दोन फेऱ्या रस्ता चुकायचा आणि नेमका तिथंच चुकायचा. सुंदररावांना पोटची चार लेकरं होती, पण ती शेजारच्याला दाखवायला त्यांनी कधी नेली नव्हती. मोसंबी दाखवायला नेत.

सत्यभामेनं दाराजवळून पाहिलं आणि तिला प्रथम बरं वाटलं. खडकी लांब राहिली होती. विहीर वाचली. मग सुंदररावांनी चिठ्ठ्या मागवल्या, एकेक डोळ्यांजवळ नेली, आणि तिसऱ्या चिठ्ठीवर त्यांचा हात थांबला, तेव्हा तिनं पदर आणखी खाली ओढला.

"छबे, तिला इचार. खडकीच्या गाड्या तीनशेच कावून?"

भावजय भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही, भासराही भावजयीशी बोलत नाही. बावीस वर्षं या दोघांचं सगळं बोलणं छबुबाईंमार्फत चाललं होतं, मध्ये हातभर अंतर असलं तरी. छबुबाई मान वळवून म्हणाल्या, "तीनशेच कावून म्हणतेत."

"आक्का, त्यांना सांगा, चांगल्या साली तीनशेच भरतेत."

"तीनशेच भरतेत म्हणती."

सुंदररावांनी विठ्ठलरावांकडे पाहिलं. विठ्ठलरावांनी आप्पांकडे. आप्पांनी, दुसरं कुणी न उरल्यानं, गव्हाणीकडे.

"खऱ्या तीनशे?" सुंदररावांनी दबक्या आवाजात विचारलं. घरात कुणाला देवी आल्यावर विचारतात तसं.

"खऱ्या," छबुबाईंनी तिला न विचारताच सांगितलं. जावेचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. त्यांनी तो आजवर झाकून ठेवला होता.

सुंदररावांनी चिठ्ठी उलटी करून मागं आणखी काही लिहिलंय का ते बघितलं.

"सुग्र्या," विठ्ठलराव म्हणाले, "ह्याचं गणित काय होतंय?"

सुग्रीव फळीकडे बघत बोलला. आईकडे त्यानं सकाळपासून एकदाही बघितलं नव्हतं, हे तिनं मोजलं होतं. "समद्यांनी खरं सांगितलं तर गाठ एका जागी थांबती. समद्यांनी दुप्पट सांगितलं तरी त्याच जागी थांबती, कारण वढ सारखीच वाढती. पण तिघांनी दुप्पट सांगितलं अन् एकानं खरं, तर..."

"तर?"

"तर खरं सांगणाऱ्यानं निम्मं सांगितल्यासारखं होतंय. गाठ खोट्या जागी जाती."

"म्हंजे हे समदं वैनीच्या खऱ्यामुळं!" विठ्ठलराव खुंट्यापासून उठलेच. "तरी म्हणतो, कुठंतरी लबाडी हाय!"

"वैनी," ते सत्यभामेकडे वळले. धाकटा दीर असल्यानं त्यांना थेट बोलता येत होतं. "आवो, मानसानं चार लोकांत बसल्यावर चार लोकांसारखं वागावं. समद्यांनी जेवायला पाट घेतला अन् तुमी एकट्याच भुईला बसलात, तर पंगत वाकडी दिसती का न्हाई? दादा बरोबर बोलतेत. सहाशे लिवा."

दादा अजून काही बोलले नव्हते. पण 'दादा बरोबर बोलतेत' हे वाक्य विठ्ठलरावांच्या तोंडून एकोणीस वर्षांनी बाहेर पडलं होतं. सुंदररावांनी पानाचा डबा उघडून धाकट्यापुढं सरकवला. विठ्ठलरावांनी पान घेतलं. छबुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्यभामा मात्र सावरून बसली. हे दोघे भांडत होते तोवर तिला भीती नव्हती.

"सहाशे लिवलं तर गाठ कुठं जाईल, भाऊजी?" तिनं विचारलं.

"ते गाठ ठरवील! आमच्या हातात काय हाय?"

"सुग्र्या, तू सांग. तुला म्हाईत हाय."

सुग्रीवनं एरंडेलाचं बोट धोतराला पुसलं असतं, पण तो आता पँट घालत होता. त्यानं हात हवेतच ठेवला. "आपल्या इहिरीपाशी, माय."

तिनं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं. आश्चर्य वाटल्यासारखं करायचंही कुणाला सुचलं नव्हतं. नुकतीच टिचकीवरून भांडलेली माणसं, आणि गाठ न सरकवताच ती कुठं बसेल हे दोघाही भावांना पाठ!

"सुग्रीवला मॅनेजर करायचं ठरलंय, सांग तिला," सुंदरराव छबुबाईंना म्हणाले. "पक्कं घर, लाईट, समदं. जमिनीच्या बदल्यात जमीन दिऊ. लिंबागणेशच्या रस्त्याला."

"आक्का, त्यांना इचारा, इहिरीचं काय?"

"जिनाला आगीच्या टाकीला पाणी लागतंच, सांग. कापूस हाय. ठिणगी पडली तर बसायचं का बोंबलत? कंपौंड पडंल, गेट लागंल."

"अन् खडकीनं प्यायचं काय, इचारा."

"टँकर चालू करू, सांग तिला."

सत्यभामा नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आक्का, त्यांना सांगा, ज्या टँकरला मोसंबीशिवाय दुसरी वाट ठाव न्हाई, तो खडकीला कसा यायचा?"

छबुबाईंनी तोंड उघडलं. नवऱ्याकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं. "हे मी सांगणार न्हाई," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत प्रथमच मधल्या माणसानं निरोप पोचवायला नकार दिला, आणि आता काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुंदररावांनी शब्दन् शब्द ऐकला होता. पण त्यांच्यापर्यंत तो पोचलेला नव्हता, त्यामुळे त्यांना रागावताही येईना. ते छबुबाईंकडे बघत वाट पाहत राहिले.

"वैनी, सुग्रीवचा तरी इचार करा," विठ्ठलराव म्हणाले.

"त्याचाच करायलेय सकाळपासून," सत्यभामा म्हणाली आणि उठली.

ती फळीपाशी आली. बायका सहसा गोठ्याच्या त्या टोकाला पुरुष बसलेले असताना येत नसत, म्हणून आप्पांनी पाय आखडून घेतले. ती खाली बसली, फळीच्या पोटाशी वाकली. चार वजनं अंधारात हलकी हलत लोंबत होती. खडकीचं तिनं लगेच ओळखलं. सगळ्यांत लहान होतं. तिनं ते तळहातावर उचलून धरलं. वरती गाठ बागेतून हलली, तसे दोन्ही भाऊ पुढं झुकले.

"काय करतीस, माय?" सुग्रीवनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"खडकीच्या सुतळीला वजन न्हाई. आमचा कापूस गेवराईच्या खाजगी जिनात जात आलाय, तिथंच जाईल. पैरा करून, एकमेकांला बैलं देऊन, गाड्या घालू." तिनं वजनाची गाठ सोडवायला दात लावले, कारण सुतळी एरंडेलानं बुळबुळीत झाली होती. "लिवा चिठ्ठीवर. खडकी ह्या जिनात न्हाई."

वजनं तिच्या हातात आली. दोन किलोचं एक आणि एक किलोचं एक. खडकीची सुतळी भोकातून वर ओढली गेली आणि मेलेल्या आळीसारखी नकाशावर पडली.

गाठीला कुणी टिचकी मारली नाही. ती आपसूक निघाली. बागेचं कुंपण ओलांडलं, हमरस्ता ओलांडला, तलवाडा आणि पांढरवाडीच्या मध्ये जराशी घुटमळली आणि थांबली. सुंदररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पट्टीत," ते म्हणाले.

पट्टी म्हणजे दोघा भावांच्या बांधावरची सात एकरांची चिंचोळी जमीन, जिच्यावर एकोणीस वर्षं बीडच्या कोर्टात दावा चालला होता. तिच्यात कुणी नांगर घातला नव्हता, बोरी-बाभळी माजल्या होत्या, आणि त्या बाभळीही कोर्टाच्या हुकुमाशिवाय तोडता येत नव्हत्या.

"हरकत न्हाई," सुंदरराव म्हणाले. "माझी जमीन हाय. मी देतो."

"तुमची?" विठ्ठलरावांच्या तोंडात थोरल्यानं दिलेलं पान अजून होतं. "ती माझी हाय. द्यायची तर मी दीन."

"तुझी कवापासनं झाली बे?"

"आज्यानं मरताना माझं बोट धरलं हुतं!"

"तू पाळण्यात हुतास! त्यानं मच्छर मारला आसंल!"

बेलभंडारा दोघांनी उचलला होता, त्यामुळे जागा बदलता येत नव्हती. जागा दाव्यात होती, त्यामुळे देता येत नव्हती. समिती उद्या सकाळी येणार होती. हे सगळं एका वेळी लक्षात येताच दोघांचे आवाज असे चढले की खुंट्याला बांधलेलं असतं तर जनावर दावं तोडून गेलं असतं. पंचाक्षरी आप्पा चष्मा काढून खिशात ठेवत होते.

"माझं तीन किलो," ते सत्यभामेला हळूच म्हणाले. तिनं वजनं त्यांच्या हातात दिली.

"सुग्रीवची नोकरी गेली म्हून सांग तिला!" भांडणातून सवड काढून सुंदरराव ओरडले.

छबुबाईंनी हे मात्र सांगितलं.

परतताना बैलगाडी मिळाली नाही. सकाळी ती सुंदररावांनीच पाठवली होती, आणि गाडीपुरती मागं ठेवलेली बैलजोडी आता त्यांचा गडी कुठंतरी घेऊन गेला होता, म्हणे. दोन कोस पायी. ऊन असं की वाटेतल्या दगडांची सावलीसुद्धा दगडाखाली गेली होती. सुग्रीवनं फळी डोक्यावर घेतली आणि तिची सावली आईवर पडेल असा बाजूनं चालू लागला. ती सावलीतून बाहेर सरकली. तो पुन्हा जवळ आला. ती पुन्हा सरकली. असं करत दोघं रस्ता सोडून चांगलीच डावीकडं गेली, तेव्हा ती थांबली.

"कागदावर आधीच काढलं हुतंस न्हवं?"

"हो."

"कवा?"

"औरंगाबादेत. खऱ्या आकड्यांनी. गेल्या दिवाळीत समद्या गावांत फिरून इचारून आलतो."

"आपल्याच शेतात येत हुतं?"

"आपल्याच. खरं धरलं तरी, दुप्पट धरलं तरी."

"आबाला सांगितलंस?"

त्यानं डोक्यावरची फळी उगीच सारखी केली. वाटेवर एक टिटवी ओरडत राहिली, तिलाही काही ठाऊक असल्यासारखी.

"इठ्ठलकाकाला बी," तो शेवटी म्हणाला. "म्हून तर दोघं फळीला हो म्हणले. दुसऱ्याच्या शेतात येतंय म्हणल्यावर दोघं बी खूश."

"अन् मला?"

"तू न्हाई म्हणली असतीस."

"मग आता हो म्हणले का?"

थोडं चालून तो म्हणाला, "मी दोरी सोडून मोजलंय, माय. चाळीस दिसांचं पाणी हाय इहिरीत. लई झालं तर पंचेचाळीस. पाऊस त्याच्या आधी यायचा न्हाई. आटलेल्या इहिरीपायी तू नोकरी घालवलीस, घर घालवलंस. आपण सुटलो असतो."

ती ऐकत होती. त्याचं गणित चुकलेलं नाही, हे तिलाही कळत होतं. आठ दिवस तिला ज्याचा संशय होता, ते सगळंच्या सगळं खरं निघालं होतं. एरवी संशय खरा ठरला की घुमऱ्यांना दोन घास जास्त जातात. ती मात्र फळीच्या सावलीतून पुन्हा बाहेर सरकली.

"चाळीस दिस," ती म्हणाली. "ऐंशी घरं. हे बी मांडलं हुतंस का कागदावर?"

"गाड्यांचंच गणित हुतं ते."

"आसंल."

खडकी आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. विहिरीवर रांग होती. घागरी, डबे, एकाकडे तुपाचं पिंप. माणसांनी सत्यभामेच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, एवढंच. तेवढ्यानं रांगेतून एक लांब सुस्कारा पुढून मागं सरकत गेला. कुणी काही विचारलं नाही. सुग्रीवनं फळी बांधाला टेकवली आणि घामेजलेला, ओठ सुकलेला तो सरळ घराकडं निघाला, माजघरातल्या रांजणाकडं.

"रांजण रिकामा हाय," ती म्हणाली. "रांग तिकडून हाय."

तो उभा राहिला. मग मागं वळला आणि शेवटच्या बाईच्या पाठीमागं जाऊन थांबला. बत्तिसावा होता, मोजायची खोड जात नव्हती. सत्यभामेनं पदर कमरेला खोचला, रहाटावरच्या भिवराबाईच्या हातून दोर घेतला आणि पाणी शेंदायला सुरुवात केली. घराला एक घागर, असा महिन्यापासून नेम होता.

त्याची पाळी आली तेव्हा उन्हं उतरली होती. त्याच्याकडे भांडं नव्हतं. त्यानं ओंजळ पुढं केली. तिनं वाकून त्याच्या ओंजळीत धार धरली, तो पिऊन थांबेपर्यंत धरली. मग उरलेलं पाणी घागरीत मोजून ओतलं, घराच्या घागरीत. एकच, आणि त्यातूनही त्यानं प्यायलेलं वजा.

"पुढं कोण हाय?" ती म्हणाली.